आकड्याचा दुसरा दात

बारकी : तोंडानं सांग, दादा. त्या नळकांड्याला डोळा लावून मला काय कळणार?

दादा : तोंडानं सांगितलं तर तू भांडशील. बघितलंस तर भांडणार नाहीस.

बारकी : भांडायचं ठरवलं तर मी डोळे मिटूनही भांडते. सांग.

वकील : सर, मधेच बोलतो, माफ करा. आपण फोनवर म्हणालात, लगेच या आणि बहिणीलाही वस्तीतून घेऊन या. मला वाटलं, उद्याच्या सुनावणीसाठी नवे फोटो मिळाले. मी तुमच्या प्रयोगशाळेच्या फाटकातच गाडी आडवी लावून आलोय. पहारेकरी तिच्याकडे फार वाईट नजरेनं बघत होता.

दादा : फोटो आहेत. पण ते तुम्ही कोर्टात दाखवणार नाही.

बारकी : तब्येत बरी आहे ना तुझी? दाढी वाढलीय. शर्टाची बटणं वरखाली. वहिनी गावाला गेलीय का?

दादा : ती घरीच आहे, मीच घरी नसतो. बारके, आपल्या खाडीतला किडा वेगळा नाही.

बारकी : कुठला? साहेब?

दादा : साहेब कोण?

बारकी : अरे, वस्तीत त्याला साहेबच म्हणतात आता. खाडी बुजवायला आलेले भरावाचे डंपर त्यानं थांबवले ना! आमच्यापैकी एकालाही जमलं नाही ते. पूर्वी सरळ गळाला टोचायचो त्याला. आता चिखलात पाय टाकताना पोरं म्हणतात, साहेब, जरा सरका.

दादा : तर साहेब वेगळे नाहीत. पलीकडच्या खाडीत आहेत तेच आपल्याकडे आहेत. सगळ्या किनाऱ्यावर आहेत तेच.

वकील : एक मिनिट. 'वेगळे नाहीत' म्हणजे नेमकं काय? जात वेगळी नाही?

दादा : जातही नाही आणि वंशही नाही.

बारकी : मला कळेल असं बोला दोघं.

दादा : वंश म्हणजे आडनाव समज आणि जात म्हणजे नाव. मी कोर्टाला सांगितलं होतं की याचं नुसतं नाव नवं नाही, आडनावच निराळं आहे. आणि त्या आडनावाचं जगात एकच घर आहे, आपल्या खाडीत.

बारकी : ते आम्हाला पाठ आहे. पुढं?

दादा : पुढं काही नाही. तो शेजारच्याच घरातला निघाला.

वकील : सर, आपण दमलेले दिसता. हे सगळं मी न्यायमूर्तींना इतक्या वेळा ऐकवलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. अंगभर राठ केस असलेला समुद्री किडा. चिखलात नळी बांधून राहतो. शरीराच्या मागच्या भागात प्रत्येक वलयावर आकड्यांची रांग, त्या आकड्यांनी तो नळीच्या भिंतीला धरून बसतो. इतरांच्या आकड्याला टोकाशी दोन दात, आपल्याच्या आकड्याला एक. बरोबर?

दादा : बरोबर. डोक्याची ठेवण तीच. कल्ले त्याच वलयापासून सुरू होतात. पुढचे केस तसेच. सगळा फरक त्या एका दाताचा.

वकील : मग तो दात काय रात्रीतून उगवला?

दादा : तो होताच. पुस्तकासाठी मला याच्या स्नायूंची आकृती काढायची होती. म्हणून एक किडा आम्लात ठेवला. आम्लात मांस काचेसारखं होतं, आरपार दिसतं. आकडे कातडीच्या आत तयार होतात आणि मग हळूहळू बाहेर सरकतात. जे अजून बाहेर आलेले नाहीत, त्यांना दोन दात आहेत.

वकील : एखाद्याला असतील.

दादा : मीही तेच म्हटलं. म्हणून दुसरा किडा घेतला, मग तिसरा. मग सगळी बरणी रिकामी केली. सगळ्यांना आहेत.

बारकी : आणि बाहेर आल्यावर एक गळतो?

दादा : झिजतो. पूर्वी कधीतरी एखाद्या आकड्यावर बारीकसा खुंट दिसायचा. मी तो वाळूचा कण समजायचो. कुंचल्यानं झटकून बघायचो आणि निघाला नाही तर दुसरा आकडा बघायला घ्यायचो.

बारकी : झिजतो कशानं? पलीकडच्यांचा नाही झिजत, आमच्याच साहेबांचा का झिजतो? त्यांनी काय दगड खाल्ले?

दादा : आपल्यामुळे.

बारकी : म्हणजे?

दादा : शिंपल्या फोडून झाल्या की कवचांचं काय करता तुम्ही?

बारकी : तुला माहीत नाही? शाळेतून आलास की तूच कुटायला बसायचास. कुटायची आणि धक्क्यावरून पाण्यात टाकायची. अख्खी टाकली तर पाय फाटतात, होड्यांचे तळ सोलतात.

दादा : पलीकडच्या खाडीत कुटत नाहीत. खड्ड्यात पुरतात. आपल्याकडे आजीच्या आजीपासून कुटून पाण्यात. आपला चिखल चिखल नाहीच, बारके. निम्मा चुरा आहे, काचेसारखा धारदार. किडा त्याच चुऱ्यानं नळी बांधतो आणि दिवसभर त्या नळीत वर-खाली करतो. एका बाजूचा दात उरत नाही.

बारकी : तू हे अंदाजानं बोलतोयस.

दादा : ती टाकी बघ. पलीकडचे किडे आणून आपल्या चुऱ्यात ठेवले. दोन दात घेऊन आले होते, आता एक आहे. शेजारच्या टाकीत आपले किडे, मऊ गाळात. त्यांचे नवे आकडे दोन्ही दात घेऊन बाहेर आले आणि तसेच राहिले. पुन्हा करून बघितलं. तेच झालं.

बारकी : म्हणजे साहेब आम्हीच घडवले.

दादा : हो.

बारकी : आईनं आणि मी. उन्हात बसून, पाठ मोडून.

दादा : हो.

वकील : सर, ऐका. घडवला तर घडवला. इथली माणसं आणि इथला किडा यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं नातं, असा मुद्दा मांडता येईल. मला तर तो ऐकायलाही बरा वाटतोय.

दादा : कायद्यात बसेल?

वकील : नाही.

दादा : मग?

वकील : कायदा दुर्मिळ जीवाला संरक्षण देतो. झिजलेल्या जीवाला नाही. झिजलेल्यांना द्यायला लागला, तर माझ्या सगळ्या अशिलांना द्यावं लागेल.

बारकी : बाकीचे मुद्दे काढा ना, वकीलसाहेब. मासळीचा होता. पाणी तुंबण्याचा होता. आमचा होता.

वकील : ताई, तुमचा सगळ्यात आधी गेला. 'माणसे अन्यत्र राहू शकतात', हे आधीच्या आदेशातलं वाक्य आहे. मासळी दुसरीकडे पोहत जाऊ शकते. पाण्याला गटार बांधता येतं. जो दुसरीकडे जाऊच शकत नाही असा एकच उरला होता.

बारकी : साहेब.

वकील : साहेब. आता मी व्यवहाराचं बोलतो. सर, हे कुणाला माहीत आहे?

दादा : मला आणि आता तुम्हा दोघांना.

वकील : मला नाही. मी काही पाहिलेलं नाही. आपण काहीतरी शंका बोलून दाखवली, दमलेला माणूस बोलतो तशी. त्या सूक्ष्मदर्शकाजवळ मी जाणारही नाही. एकदा बघितलं की मला माहीत होतं असा अर्थ होतो. न बघणं हा माझ्या धंद्यातला अर्धा शहाणपणा आहे.

दादा : भराववाल्यांचा तज्ज्ञ बघून गेलाच की.

वकील : तेच तर! त्यांनी पैसे मोजून आणलेला माणूस या खुर्चीत बसला. दोन मिनिटं डोळा लावला, चहा घेतला, एक दात आहे असं लिहून दिलं आणि गेला. समोरच्या पक्षानं मान्य केलेली गोष्ट आहे ही. उद्या मी आपल्याला एवढंच विचारणार, आधीचं निवेदन आपलंच ना? आपण म्हणायचं, हो. संपलं. स्थगिती कायम.

दादा : आणि त्यांनी विचारलं, आजही आपलं तेच मत आहे का?

वकील : विचारणार नाहीत. ज्याचं उत्तर माहीत आहे असं वाटतं, तो प्रश्न कुणी विचारत नाही. आणि विचारलंच तर आपण म्हणायचं, बहुधा. एवढा एक शब्द द्या मला. मी त्या 'बहुधा'वर दोन वर्षं काढीन.

दादा : बहुधा नाही. नाहीच.

बारकी : अरे, पण तुला कुणी विचारलंय? तूच शोधलास, तूच नाव दिलंस, आता तूच पुसतोयस! लोक आपल्या पायावर धोंडा पाडून घेतात, तू आमच्या पायावर पाडतोयस. तुझे पाय इथं आहेत, फरशीवर, पंख्याखाली.

दादा : माझ्या नावावर हा एकच वंश आहे, बारके. तीस वर्षांत एकच.

बारकी : मग सांभाळ ना त्याला!

दादा : नसलेला कसा सांभाळू? नमुने मी परदेशी पाठवलेत. चार-पाच संग्रहालयांत आहेत. कुणीतरी कधीतरी एक किडा आम्लात ठेवीलच. या वर्षी नाही तर पुढच्या.

बारकी : पुढच्या वर्षी ना? मग झालं. मला वर्षच हवंय.

दादा : वर्षानं काय होणार?

बारकी : तू आलायस का एवढ्यात घरी? आई आता उठून दारापर्यंत येते, तेवढंच. दारात बसते, पाणी बघते, दुपारी पुन्हा आत. त्या दारातून तिला उचलून कुठल्यातरी तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवू? डॉक्टर म्हणाले, थंडी काढेल. पुढचं सांगत नाहीत. मी तुझ्याकडे खाडी मागत नाही, दादा. एक वर्ष मागतेय. तिच्यापुरतं.

दादा : मला माहीत नव्हतं.

बारकी : तुला किड्याच्या कातडीखालचं दिसतं.

वकील : ताई...

बारकी : तुम्ही थांबा, वकीलसाहेब. हे आमचं घरचं आहे. बघू दे मला ते. कुठला डोळा लावायचा?

दादा : दोन्ही लाव. चाक फिरवू नकोस, मी जुळवून ठेवलंय. डावीकडे जो काळी किनार असलेला पट्टा दिसतोय, ती कातडी. तिच्या आत बघ.

(बारकी वाकून दोन्ही डोळे लावते.)

बारकी : छोटे छोटे आहेत.

दादा : हो.

बारकी : मोराच्या चोचीसारखे. आणि वर एक बारीक दुसरी चोच.

दादा : हो.

बारकी : किती सुबक आहे रे. कुणी घासलेलंच नाही अजून.

वकील : ताई, बघून झालं असेल तर...

बारकी : झालं. दोन आहेत. मला पण दोनच दिसतात.

वकील : हे मी ऐकलं नाही.

दादा : बारके, तू सांग. तू म्हणालीस गप्प बस, तर मी बसतो. उद्या 'हो' म्हणतो आणि पिंजऱ्यातून खाली उतरतो.

बारकी : माझ्या गळ्यात घालू नकोस.

दादा : घालत नाही. आईजवळ तू राहिलीस, मी नाही. म्हणून विचारतोय.

बारकी : मग बस गप्प.

दादा : बरं.

बारकी : बरं म्हणजे?

दादा : बरं म्हणजे बरं. उद्या 'हो' म्हणेन.

वकील : उत्तम. फार उत्तम. सर, रात्री झोपा, दाढी करा, फिका शर्ट घाला. गडद शर्टातल्या शास्त्रज्ञावर न्यायमूर्तींचा विश्वास बसत नाही, माझा अनुभव आहे. हा खाली कसला गलका? माझीच गाडी दिसतेय. अहो, साखळी कसली लावताय! ताई, मी खाली जातो, तुम्ही सावकाश या. ओ पहारेकरी!

बारकी : गेला. बोलायला मऊ माणूस आहे, पण आपल्यासाठी धावतो. फी पण पुरती घेत नाही.

दादा : चांगला आहे.

बारकी : तू असा का बसलायस? मी काही तुला जेलात नाही पाठवलं.

दादा : बसलोय असाच. ही झाकणं लावायची आहेत. स्पिरीट उडतं.

बारकी : एवढ्या बरण्या. सगळे किडेच?

दादा : किडेच. सगळ्या किनाऱ्यावरचे. ही वरची फळी नदीच्या मुखावरची. तिथं कातडी कमावण्याचा कारखाना आहे, तो वस्तीच्या पाण्यात घाण सोडायचा.

बारकी : सोडायचा? आता नाही?

दादा : आता बंद आहे. घाणीत कुठले किडे वाढतात आणि स्वच्छ पाण्यातले कुठले मरतात, हे मी ओळखून दिलं. त्यावर निकाल लागला. कारखान्यानं अपील केलंय, पण अजून हातात काही लागलं नाही त्यांच्या.

बारकी : ते पण तुझ्याच सहीवर?

दादा : हो.

बारकी : आणि उद्याचं पुढेमागे बाहेर आलं, की याला माहीत होतं आणि हा कोर्टात खोटं बोलला...

दादा : तर त्यांचा वकील म्हणेल, बहिणीच्या घरासाठी जो किड्याचा दात लपवतो, त्यानं आमचेही किडे तसेच ओळखले असतील. चूक झाली होती, सांगितली आणि दुरुस्त केली, याला कुणी काही म्हणत नाही. आमच्या कामात चुका होतातच.

बारकी : ते घाण पाणी पुन्हा सुटेल?

दादा : लगेच नाही. पण दार उघडेल.

बारकी : पोरंबाळं आहेत तिथं?

दादा : वस्ती आहे, बारके. आपल्यासारखीच. ती घाण बंद होण्याआधी पोरांच्या अंगावर फोड असायचे. नमुने घ्यायला गेलो की आया मला दाखवायला आणायच्या. मी डॉक्टर आहे असं समजायच्या.

बारकी : हे मघाशी का नाही बोललास? त्या वकिलासमोर?

दादा : तू आईचं बोललीस. त्यावर काय बोलणार होतो?

बारकी : म्हणजे मी 'गप्प बस' म्हटलं, आणि तू हे पोटात ठेवून 'बरं' म्हणालास.

दादा : हो.

बारकी : नेहमी असंच करतोस तू. भांडत नाहीस. माणसाला आपल्याच हातानं माघार घ्यायला लावतोस. लहानपणी शेवटचा तुकडा मला द्यायचास आणि असा बघत बसायचास, की मला तो गिळवायचा नाही.

दादा : मी खरंच गप्प बसेन. तू म्हणालीस तर.

बारकी : माहीत आहे मला. म्हणूनच राग येतोय. तू हटून बसला असतास तर तुला शिव्या देत घरी गेले असते. तेवढं तरी सुख होतं.

दादा : मग काय करू?

बारकी : सांगून टाक उद्या. सगळं. चुऱ्याचं पण सांग, आम्ही कुटून टाकतो ते. नाहीतर म्हणतील, वस्तीनं मुद्दाम केलं.

दादा : नक्की?

बारकी : पुन्हा विचारू नकोस, बदलेन. वकिलाला मी गाडीत सांगते. गाडी सुटली असली तर. तो म्हणेल, ताई, मी हे ऐकलंच नाही.

दादा : भराव कधी सुरू करतील?

बारकी : डंपर तिथंच उभे आहेत वळणावर. ड्रायव्हर लोक सावलीत पत्ते खेळतात. निकाल लागला की पत्ते गोळा करायचे, एवढंच काम. पहिला आमच्या धक्क्याकडूनच येईल, तिथं पाणी उथळ आहे.

दादा : मी उद्या सकाळी लवकर निघून आधी घरी येतो. आईला भेटतो आणि मग तुमच्याबरोबरच कोर्टात...

बारकी : नको. इथूनच सरळ जा. वस्तीत उतरू नकोस.

दादा : लोक मारतील?

बारकी : मारणार कोण? कुणात जीव आहे? बोलणार पण नाहीत. नुसते आपापल्या दारातून आत जातील, एकेक करून. आणि आई दारात बसलेली असेल. तिला ते दिसायला नको. डंपर थांबल्यावर तुझा सत्कार झाला, तेव्हा त्याच लोकांनी तुला खांद्यावर घेतलं होतं, ते तिनं तिथूनच बघितलंय.

दादा : कोर्टात तू असशील ना?

बारकी : असेन. मागच्या बाकावर. माझ्याकडे बघून बोलू नकोस, समोर बघ. मी रडले तर तुला वाटेल थांबावं, आणि थांबलास तर दोन्हीकडचं गेलं.

दादा : आईला काय सांगशील?

बारकी : तिला ऐकू कमी येतं हल्ली, ते एक बरं आहे. सामान हलायला लागलं की तिचं तिला कळेल. चल, जाते मी. ते डोक्यावरचे दिवे बंद कर, टाक्या उगाच तापतात.

दादा : बारके, मग आईला भेटू कुठं?

बारकी : नवा पत्ता ठरला की कळवते.